व्हायब्रेशन मशीनवर उभे राहण्यापूर्वी



रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही रक्तदाब आणि शुगर तपासतो. गेल्या काही महिन्यांपासून तिथे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय, "ताई, ते हलणारं मशीन चांगलं असतं का?" कुठे गाळा भाड्याने घेऊन, कुठे एखाद्या हॉलमध्ये 'महिनाभर फुकट थेरपी' म्हणून लोकांना बोलावतात. पायाखाली जाड पाटीसारखे मशीन असते, बटण दाबले की ते थरथरते आणि आपण उभ्या जागी डोक्यापासून पायापर्यंत हलतो. गुडघे, कंबर, शुगर, बीपी, वजन, लकवा सगळे बरे होते, असे तिथे माइकवर सांगतात. महिना संपला की मशीन विकायला काढतात. हप्त्याची सोयही असते, म्हणून काही भगिनींनी त्यासाठी बचत गटातून कर्ज काढले आहे.

लिहायला बसले ते मात्र आपल्या वस्तीतल्या एका मावशींमुळे. वय साठीच्या पुढे, शुगर दहा वर्षांची. रोज जाऊन मशीनवर दहा मिनिटे उभ्या राहायच्या. पाय हलके वाटू लागले, झोप लागू लागली. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या पोराने सांगितले, "आता गोळ्यांची काय गरज?" मावशींनी गोळ्या बंद केल्या. विहारात आल्या तेव्हा मीटरवर 412 आकडा आला. चप्पल काढायला लावली तर तळव्याला फोड फुटून जखम झालेली, आणि मावशींना त्याचा पत्ताच नव्हता. पाय बधिर होते, म्हणून दुखले नाही.

आता मशीनबद्दल. ही कल्पना नवी नाही. पॅरिसचे प्रसिद्ध डॉक्टर शार्को यांच्या लक्षात आले होते, की अंग थरथरण्याच्या आजाराचे, म्हणजे पार्किन्सनचे, रुग्ण रेल्वेचा किंवा घोडागाडीचा लांब प्रवास करून आले की त्यांना बरे वाटते. म्हणून 1892 च्या सुमारास त्यांनी हलणारी खुर्चीच बनवून घेतली. पुढे सोव्हिएत रशियात खेळाडूंच्या सरावात अशी थरथर वापरली गेली आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ती पाटीच्या रूपात जगभर जिममध्ये पोचली. काही पाट्या वरखाली हलतात, काही सी-सॉसारख्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. थरथर साधारण सेकंदाला 20 ते 40 वेळा होते. पाय हलला की पोटरी आणि मांडीचे स्नायू क्षणभर ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू आपोआप आकसतो. असे मिनिटाला हजाराहून जास्त वेळा होते. म्हणजे बळजबरीचा का होईना, पण थोडा व्यायाम घडतो.

फायदा किती? ज्यांना नीट चालता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांनी गुडघे किंचित वाकवून, देखरेखीखाली, काही महिने हे केले तर पायांची ताकद आणि तोल थोडा सुधारतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे. ज्यांना पडण्याची भीती आहे त्यांना तेवढेही मोलाचे आहे. पण तीच माणसे रोज खुर्चीतून उठबस करतील तर जवळपास तेवढाच फायदा मिळतो, हे माइकवर कोणी सांगत नाही.

हाडांचा दावा सगळ्यात जोरात करतात, त्याची गोष्ट मुळापासून पाहू. 2001 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंढ्यांच्या मागच्या पायांना वर्षभर रोज 20 मिनिटे अगदी हलकी थरथर दिली. मांडीच्या हाडाचा आतला जाळीदार भाग 34 टक्क्यांनी घट्ट झाला. बातमी जगभर गेली. मग माणसांवर प्रयोग झाले. टोरंटोत पाळी गेलेल्या 202 बायकांवर वर्षभर केलेल्या अभ्यासाचा निकाल 2011 मध्ये आला. मशीनवर उभ्या राहिलेल्या आणि न राहिलेल्या बायकांच्या हाडांत फरक नव्हता. 2015 मध्ये आणखी एक निकाल आला, 174 वृद्ध माणसांवर, दोन वर्षे रोज दहा मिनिटे. तिथेही हाडे घट्ट झाली नाहीत. जे मेंढीला लागू पडले ते माणसाला पडले नाही. शुगरचेही तसेच. 2017 साली लठ्ठ मधुमेही उंदरांवर झालेल्या प्रयोगात थरथरीचा फायदा दिसला आणि 'उभे राहा, व्यायाम झाला' अशा बातम्या निघाल्या. माणसाची शुगरची गोळी बंद करता येईल असा पुरावा त्यातून मिळत नाही. चरबीही हलवल्याने गळून पडत नाही.

इथे विहारातल्या एका तरुणाने मला अडवले. तो म्हणाला, "ताई, भगवान बुद्धांनी कालामांना काय सांगितलं? कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पाहा. मावशींनी स्वतःच पाहिलं ना, पाय हलके झाले." मुद्दा चांगला आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. शार्कोंच्या खुर्चीचा प्रयोग शिकागोच्या संशोधकांनी नव्याने केला, त्याचा निकाल 2012 मध्ये आला. अर्ध्या रुग्णांना हलणाऱ्या खुर्चीत बसवले, अर्ध्यांना तशाच पण न हलणाऱ्या खुर्चीत, मंद आवाज ऐकवत. दोन्हीकडच्या रुग्णांना सारखेच बरे वाटले. म्हणजे आराम खरा होता, पण तो हलण्यामुळे आला नव्हता. महिनाभर रोज घराबाहेर पडणे, चार ओळखीच्या बायकांत बसणे, कोणीतरी "मावशी, कसं वाटतंय?" असे आपुलकीने विचारणे, यानेही माणसाला बरे वाटते. त्यात खोटे काही नाही. पण 'पाय हलके झाले' आणि 'शुगर उतरली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मावशींना कळते, दुसरी मीटरलाच कळते. स्वतः पाहायचे म्हणजे मोजायचेसुद्धा.

आपल्या जिल्ह्यात हे मोजायला बायका पूर्वीच शिकल्या आहेत. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या ज्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले, त्यांत अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेक दलित वस्तीतल्या होत्या. त्या बाळंतपण, कुपोषण, ताप, जखमा सांभाळू लागल्या. 1979 साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज तिशीपुढच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासली जाते. आशाताईंना विचारा.

मशीनवर कोणी अजिबात उभे राहू नये, हे मात्र पाठ करून ठेवा. गरोदर बाई. नुकतेच ऑपरेशन किंवा सिझेरियन झालेली. नुकतीच तांबी बसवलेली. हाड मोडलेले, किंवा हाडे फारच ठिसूळ झालेली. गुडघा वा खुब्याचा सांधा बदललेला किंवा आत रॉड बसवलेला. हृदयात पेसमेकर असलेला. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेला. फिट येणारा. मणक्याची गादी सरकून पायात कळ जाणारा. मुतखडा वा पित्ताचे खडे असलेला, कारण खडा हलला तर कळ उठते. डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेला. आणि शुगरमुळे तळवे बधिर झालेला. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि शेवटच्या वर्षांत पायांच्या दुखण्यामुळे त्यांना आधाराशिवाय चालणे कठीण झाले होते. शुगरवाल्याने रोज रात्री तळवा पाहावा. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे.

हे सगळे मशीनचे झाले. पण आपल्या घरांत खरा हादरा खाणारी माणसे वेगळीच आहेत. ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून कुटुंबेच्या कुटुंबे ट्रॉलीत बसून फडावर जातात. कोणी ट्रॅक्टर चालवतो, कोणी रिक्षा, कोणी रोलर, कोणी दिवसभर ब्रेकरने रस्ता फोडतो. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला 4 ते 8 वेळा येणारे हिसके सगळ्यात जास्त बसतात, आणि खराब रस्त्यावरचा ट्रॅक्टर बऱ्याचदा याच गतीने हिसके देतो. वर्षानुवर्षे असे बसले की कंबर धरते, पायात कळ उतरते. युरोपात कामगाराने दिवसात किती हादरे सोसावेत याची मर्यादा 2002 पासून कायद्यात लिहिलेली आहे. आणि गंमत पाहा, हाडांवर थरथरीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनीच बाजारातल्या काही मशीन तपासल्या, तेव्हा त्यांचे हादरे कामगारांसाठी सुचवलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर निघाले. दिवसभर ट्रॅक्टरवर बसून आलेला भाऊ संध्याकाळी कंबरेसाठी मशीनवर उभा राहत असेल, तर त्याची कंबर आधीच पोटभर हलून आली आहे हे त्याला सांगा. त्याने सीटचा दबलेला स्पंज आणि ढिली स्प्रिंग बदलून घ्यावी, खड्ड्यांत वेग कमी करावा, दर तासा-दीड तासाने खाली उतरून चार पावले चालावे, आणि उतरल्या उतरल्या लगेच पोती उचलू नयेत. गरोदर बाईला ट्रॉलीत बसवू नका, तिच्यासाठी एसटीचे तिकीट काढा.

तरीही कोणाला मशीन वापरायचेच असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारावे. लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. मशीनवर गुडघे थोडे वाकवूनच उभे राहावे. गुडघे ताठ ठेवले तर हादरा सरळ डोक्यापर्यंत जातो, आणि त्यावर बसले तर मणक्यात. दांडी धरावी. सुरुवात एक मिनिटाने, मग थांबा. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, डोकेदुखी किंवा पायात कळ आली की तिथेच उतरावे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

घरी करायचे असेल तर त्याला वीज लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठा-बसा. ओट्याला धरून टाचा वर-खाली, दहा वेळा. मग ओट्याला बोट टेकवून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहा, नंतर दुसऱ्या पायावर. सकाळ-संध्याकाळ. तीन महिन्यांत जिना चढताना फरक कळतो. आहारात हरभरा, मटकी, अंडी, सुकट, नाचणी असेल तर स्नायूंना आणि हाडांना काहीतरी मिळते.

आता कायद्याचे. मधुमेह, रक्तदाब, लकवा, संधिवात, लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे. ती औषधांपुरती नाही, शरीरावर परिणाम करण्यासाठी विकलेल्या इतर वस्तूंनाही लागू होते. पत्रक किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रार द्या. फसवून विकले असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, पण पक्के बिल हवे. म्हणून पैसे देताना बिल मागा. ते द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत या.

मावशींची जखम भरायला दोन महिने लागले. गोळ्या पुन्हा सुरू आहेत, मागच्या रविवारी जेवणानंतरची शुगर 168 होती. त्या आता विहाराच्या कट्ट्याला धरून टाचा वर-खाली करतात, आणि त्यांच्यासोबत आणखी सहा-सात जणी.