टबाच्या खालचं

प्रतापनगर, नागपूर

चि. बंटी,


टाइल्सचे फोटो पाहिले, टबाचं माहितीपत्रकही पाहिलं. सूनबाईची निवड छान आहे. मिस्त्री न लावता सगळं तू स्वतःच करणार, हे वहिनीकडून कळलं. ती घाबरून राहिली आहे, मी नाही. तंत्रनिकेतनात जन्मभर पोरांना स्थापत्य शिकवलं, तेव्हा घरातलाच कुणी घमेलं-थापी हातात घेतोय म्हटल्यावर मला बरंच वाटणार. पण तुझ्या यादीत पहिलं नाव टबाचं, दुसरं टाइलचं, आणि ढाळ, ट्रॅप, वॉटरप्रूफिंग यांचा पत्ताच नाही. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ करून मोकळा होतोस, म्हणून लिहूनच काढते.

आधी तू बघतोस ते अमेरिकेचे व्हिडिओ बंद कर. तिकडच्या बहुतेक घरांच्या भिंती लाकडी चौकटीच्या असतात, टबाची कड त्या चौकटीला स्क्रूने आवळतात. तुझ्या मनीषनगरच्या फ्लॅटला विटांची भिंत आहे, खाली संकन, म्हणजे खोलगट, स्लॅब आणि त्यात फूटभर विटांचा रोडा. त्यांची युक्ती इथे चालायची नाही.

आता वजनाचा हिशेब. साडेपाच बाय अडीच फुटांच्या टबात १८० लिटर पाणी घेतलंस तर ते १८० किलो. तू सत्तरचा, टब आणि त्याचा स्टँड मिळून चाळीसचा. म्हणजे चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास. राहत्या घराच्या स्लॅबवर वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. एवढ्याने स्लॅब कोसळत नाही, कारण भार थोड्याच जागेवर असतो आणि टब भिंतीलगत असला तर तुळईही हातभार लावते. पण तुझी इमारत जुनी आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखव, आणि बिडाच्या टबाचा विचार डोक्यातून काढ. ॲक्रिलिकचाच घे. आपल्याकडच्या बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. इमारतीच्या मजबुतीला धक्का लागेल असं काम बाकीच्या मालकांच्या संमतीशिवाय करता येत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांना आधीच सांगून ठेव. छत ओलं झाल्यावर सांगायला गेलास तर ते चहा पाजणार नाहीत.

जुनी फरशी फोडायचं काम खुशाल तू कर. छन्नी-हातोडीने, हळूहळू. भाड्याचं ब्रेकर मशीन लावून पाइप फोडून ठेवू नको. ट्रॅपच्या तोंडात आधी चिंध्यांचा बोळा घाल, नाहीतर सगळी गिट्टी तिथेच जाऊन बसेल. त्यानंतरच्या दोन गोष्टी मात्र जाणत्या माणसाच्या हातून करून घे: ड्रेनेजचे जोड आणि वॉटरप्रूफिंग. तू शेजारी उभा राहा, बघ, शीक. गिझरची वायरिंग तर अजिबात हातात घेऊ नको. अर्थिंग आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी आहे की नाही, एवढं इलेक्ट्रिशियनला विचारून घे.

ढाळ ८० ला १ ठेव, म्हणजे साडेसहा फुटांना जेमतेम इंचभर. दिसायला काहीच नाही, पण तो कोब्यातच यायला हवा, टाइलखाली मसाला कमी-जास्त करून नव्हे. टबाखालची जागाही ट्रॅपकडेच उतरती ठेव. आणि तुला आवडलेली ती दोन बाय चारची चकचकीत मोरबीची टाइल भिंतीला लाव, जमिनीला नको. एवढी मोठी टाइल चारही बाजूंनी ट्रॅपकडे वळत नाही, कुठेतरी डबकं साचतंच. खाली एक बाय एकची, खरखरीत घे. ढाळ नजरेच्या अंदाजावर सोडू नको. लेव्हल पाइपात पाणी भर, दोन टोकांना खुणा कर आणि स्वतः मोज.

वॉटरप्रूफिंग झालं की दार वीट-मसाल्याने अडवून पाणी भर आणि दोन-तीन दिवस ठेव. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची रेघ मार. पाणी रेघेखाली गेलं की माणूस घाबरतो, नाहीतर ‘वाफ झाली असेल’ म्हणून सोडून देतो. आपल्या नागपुरात उन्हाळ्यात वाफही थोडीथोडकी होत नाही. म्हणून त्याच खोलीत एक बादली पाणी भरून ठेव आणि तिच्यातही रेघ मार. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं तर ती वाफ. जमिनीवरचं जास्त उतरलं तर गळती. मग खालच्या काकांकडे जाऊन छत बघून ये. मी विद्यार्थ्यांना हा प्रयोग मुद्दाम करायला लावत असे, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसे.

ट्रॅपमध्ये पाण्याचा पडदा ५० मिलिमीटरचा हवा, त्यानेच वास आणि झुरळं थांबतात. टबाखालचा ट्रॅप वापर नसला की आटतो. मे महिन्यात गावाला जाशील तेव्हा शेजाऱ्याला दर आठवड्याला तिथे मगभर पाणी टाकायला सांग. टब चारही बाजूंनी विटांनी बुजवू नको. वेस्ट कपलिंगच्या बाजूला हात जाईल एवढं झाकण ठेव. हे झाकण दिसायला बरं नाही म्हणून सूनबाई नको म्हणेल. तिथे ऐकू नको.

आणि सिलिकॉन. रिकाम्या टबाच्या कडेला लावलंस तर पहिल्याच अंघोळीला टब वजनाने जरासा बसेल आणि सिलिकॉन भिंतीपासून सुटेल. टब आधी पाण्याने भर, मग कड पुसून कोरडी कर, सिलिकॉन लाव, आणि ते घट्ट होईपर्यंत पाणी तसंच राहू दे. भिंतीची टाइल टबाच्या कडेवर उतरली पाहिजे, कडेच्या मागे नाही.

आता जे तुला आवडणार नाही ते. हिवाळ्यात नळाचं पाणी १८ अंशांवर असलं आणि तुला टब ४० अंशांचा हवा असला, तर १८० लिटरांपैकी निम्म्याहून जास्त पाणी ६० अंशांचं लागतं. तुझा गिझर २५ लिटरचा. म्हणजे चार खेपा, आणि २ किलोवॉटच्या गिझरला एका खेपेला अर्ध्या तासाहून जास्त. चौथी खेप येईस्तोवर पहिली निवलेली. उन्हाळ्यात उलट: छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापतं की अंगावर घेववत नाही. शिवाय आपल्या मानकांत माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्यातले अंघोळीला ५५. तुझा एक टब म्हणजे तिघांची अंघोळ. पेंच धरणाचं पाणी पाइपातून घरापर्यंत येतं म्हणून ते फुकटचं समजू नको. तुमच्याकडे बोअरचंही पाणी मिसळतं म्हणालास. क्षार असले तर टबावर पांढरे डाग पडतील, जकुझीच्या जेटांची भोकं बुजतील. जकुझी तर नकोच.

वहिनीचे गुडघे विसरू नकोस. टबाची कड दीड-दोन फूट उंच. ती ओलांडायची आणि ओल्या पायाने परत बाहेर यायचं, हे तिला झेपेल का? टब घ्यायचाच तर तो तुमच्या खोलीच्या बाथरूममध्ये घे, वहिनीच्या नको. तिच्याकडे बसायला पक्का स्टूल, हँड शॉवर आणि धरायला स्टीलचा दांडा लाव. दांडा नुसत्या टाइलला नको, अँकर विटेत खोल गेला पाहिजे. टाइलला भोक पाडताना आधी चिकटपट्टी लाव आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेव. हे काम मात्र तूच कर, मिस्त्री घाई करतात.

मुहूर्त दिवाळीनंतरचा धर. मेमध्ये कोबा भराभर वाळतो आणि तडकतो. दिवसातून चारदा पाणी मारायला तू घरी नसतोस. पावसाळा लागला की भंडारा-गोंदियाकडचे मजूर धानाच्या रोवणीला गावी जातात, मग अर्धी फोडलेली बाथरूम घेऊन बसशील. हार्डवेअर इतवारीतून घेणार असशील तर मला सांग, मीही येते. सीपीव्हीसी पाइप आणि फिटिंग एकाच कंपनीचं घे, आणि भिंत बुजवायच्या आधी पाइपात दाबाने पाणी भरून रात्रभर ठेव.

टाइल बसायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढ. पाइपाशेजारी मोजपट्टी धर, कोपऱ्यापासूनचं अंतर फोटोत वाचता आलं पाहिजे. ते फोटो मलाही पाठव. तुझा फोन वर्षाला बदलतो, माझा नाही.

वहिनीला नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आत्या