विरघळणारा स्क्रू काढावा लागतो का?

प्रश्न : कबड्डी खेळताना मुलाच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. शस्त्रक्रियेत ‘विरघळणारा’ स्क्रू बसवलाय, पण एक्स-रेत तो दिसतच नाही. पुढे काढावा लागेल का?

उत्तर : बहुतेकदा नाही. आणि दिसत नाही म्हणून घाबरू नका. असे स्क्रू बहुधा पॉलिलॅक्टिक आम्लाच्या प्लास्टिकचे असतात आणि हे प्लास्टिक धातूसारखी ठळक सावली पाडत नाही. शरीरातलं पाणी त्याच्या लांब साखळ्या तोडत जातं. उरतं ते लॅक्टिक आम्ल, पळताना आपल्या स्नायूंत तयार होतं तेच. त्याचं शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. मात्र याला कित्येकदा 2-3 वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात.

खरी अडचण निराळी. आम्ल एका जागी साचलं तर सूज येते, क्वचित हाडात पोकळी राहते. शिवाय नुसतं प्लास्टिक हाडाइतकं ताठ नसतं. म्हणून काही स्क्रूंमध्ये हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट मिसळतात. आपल्या हाडातलं खनिज याच जातीचं, आणि तेही नॅनो आकाराच्या स्फटिकांचं. ते आम्लता कमी करतं, ताठपणा वाढवतं, नव्या हाडाला आधार देतं. कण जितके बारीक, तितका त्यांचा पृष्ठभाग जास्त. पण मग पिठल्यासारख्या गुठळ्या होतात आणि नेमका तिथूनच तडा जातो. प्रयोगशाळांची बरीचशी मेहनत या गुठळ्या मोडण्यातच जाते.

तुमच्या मुलाचा स्क्रू कशाचा आहे, ते रुग्णालयाच्या फाइलमधल्या इम्प्लांटच्या स्टिकरवर पाहा. गुडघा पुन्हा सुजला, दुखू लागला किंवा जखमेतून पाणी आलं, तर मात्र वेळ न घालवता सर्जनना दाखवा.