रमाबाईंच्या पहिल्या गुरू

शास्त्रपाठ : २ तीमथ्य १:५, ३:१४, १५.

तीमथ्याच्या विश्वासाविषयी लिहिताना पौलाने प्रथम त्याची आजी लोईस व आई युनीके यांची नावे घेतली आहेत. वढू बुद्रुक येथील वाचकांस असे उदाहरण नवे नाही. ज्यांची समाधी त्या गावी आहे त्या संभाजी महाराजांची आई सन १६५९ त वारली, तेव्हा ते दोन वर्षांचे होते. पुढे आजी जिजाबाईंनी त्यांस वाढविले. आज आम्ही शेजारच्या दौंड तालुक्यातील उदाहरण घेतो. केडगावच्या पंडिता रमाबाई सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाई डोंगरे थोड्यांसच ठाऊक असतील.

लक्ष्मीबाईंस त्यांचे पती अनंतशास्त्री यांनी संस्कृत शिकविले. घरच्यांस हे रुचेना, म्हणून ते पत्नीसह पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथे सन १८५८ त रमाबाई जन्मल्या. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते, म्हणून मुलीचा अभ्यास आईकडे आला. दिवसा कामातून सवड नसे. यास्तव माता पहाटेच, पाखरे बोलू लागण्याच्या वेळी, मुलीस कुरवाळून जागे करी व पाठ म्हणवून घेई. असे हजारो श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले. (मुलांस शिकविण्यास वेळ नाही असे म्हणणाऱ्यांनी या पहाटेचा विचार करावा.)

सन १८७४ च्या सुमारास दुष्काळात प्रथम वडील व काही आठवड्यांनी आई वारली. प्रेत उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडीस हात दिला. उंची कमी म्हणून तो भार त्यांनी डोक्यावर घेतला. त्यांस आईकडून विद्येवाचून दुसरे धन मिळाले नव्हते. त्याच विद्येमुळे सन १८७८ त कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' म्हटले. पुढे इब्री व ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, त्या चिकाटीचे मूळ आम्हांस त्या पहाटेच्या पाठांतच दिसते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा सन १८८३ त इंग्लंडात झाला. त्यानंतर चार वर्षांनी अमेरिकेत त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले, ते त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केले. लक्ष्मीबाई अखेरपर्यंत पुराणेच वाचीत होत्या. तथापि त्यांचे ऋण लेकीने झाकून ठेविले नाही. आमच्या मंडळ्यांत कित्येक जण जुन्या घरातील वडीलधाऱ्यांविषयी बोलण्यास संकोचतात, जणू त्यांच्यापासून काही चांगले मिळालेच नाही. हा संकोच आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या आजीने खोटे बोलू दिले नाही, ज्या चुलत्याने घेतलेले उसने परत करावयास लाविले, त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता म्हणून त्यांचे शिक्षण खोटे ठरते काय?

उपदेशकांनी येत्या सभेत वरील वचने वाचून प्रत्येकास विचारावे की, लहानपणी तुम्हांस कोणी व काय शिकविले? उत्तर नावानिशी घ्यावे. आरंभ, ज्यांस वाचता येत नाही अशा वृद्धांपासून करावा.