शाळेतला राउटर बंद पडला तर? आधी जवळचं बघा!



आजचा पाठ भाषा-गणिताचा नाही, पण आपल्या रोजच्या कामातला आहे. शाळेत किंवा घरी इंटरनेट बंद पडलं की आपण काय करतो? राउटर बंद करून चालू करतो. तरी नाही जमलं तर मागचं बटण दाबतो. मीही तेच केलं होतं, आणि ते चांगलंच महागात पडलं.

शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. सात मुलांचे फॉर्म बाकी होते. दुपारी नेट गेलं. तंत्रज्ञाला फोन केला तर उत्तर आलं, "उद्या येतो." घाईघाईत मी पिन घेऊन राउटरच्या मागचं रिसेटचं बारीक बटण दहा सेकंद दाबून धरलं. दिवे गेले, परत आले. पण कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं पुसलं गेलं! ते कुठे लिहूनही ठेवलेलं नव्हतं. रात्री मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, जिथे रेंज मिळेल तिथे बसून पाच फॉर्म भरले. दोन राहिले. ते नंतर विलंब शुल्क भरून झाले. पैसे गेल्याचं एवढं नाही, पण त्यातल्या एका मुलीची आई शाळेत येऊन म्हणाली, "मॅडम, हिचंच नाव राहिलं का?" तेव्हा काय बोलावं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी खरं कारण कळलं. आदल्या दिवशी मीच कपाट झाडताना वायर निघाली होती आणि परत लावताना ती चुकीच्या खाचेत गेली होती. बस्स, एवढंच! बिघाड दोन मिनिटांचा होता, मी तो दोन दिवसांचा केला.

तेव्हापासून संध्याकाळी थोडा थोडा वेळ काढून मी सिस्कोच्या सीसीएनए या प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यास करते. डी.एड.नंतर एवढा अभ्यास पहिल्यांदाच! त्यातलं जे आपल्या कामाचं वाटलं ते इथे मांडते.

१. राउटर करतो तरी काय?

समजा तुम्ही येलदरीत राहता. गावातल्याच मैत्रिणीकडे जायचं तर एसटी लागते का? नाही, चालत जाता. पुण्याला जायचं तर? आधी जिंतूरला जायचं, तिथून पुढची गाडी. मुंबईला जायचं तरी आधी जिंतूर. पण सेनगावला जायचं असेल तर? मग जिंतूरला कशाला जाल? धरणाच्या पलीकडची, उलट्या दिशेची वाट धराल.

एवढं समजलं की राउटर समजला. गावातल्या गावात म्हणजे एकाच नेटवर्कमधलं काम, त्यासाठी दुसऱ्या नेटवर्कची वाट शोधावी लागत नाही. 'बाकी सगळीकडे जिंतूरमार्गे' हा झाला डिफॉल्ट मार्ग. आणि 'सेनगावला पलीकडून' हा झाला खास मार्ग. राउटरच्या आत अशी मार्गांची एक यादी असते. आलेल्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता तो यादीशी ताडून बघतो. दोन मार्ग जुळले तर जास्त नेमका असेल तो निवडतो. कुठलाच खास मार्ग जुळला नाही तर डिफॉल्ट मार्गाने पाठवतो. तोही नसेल तर पाकीट टाकून देतो.

२. पत्त्याचं गणित

घरातल्या बहुतेक राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. चार आकडे, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. २५५च का? कारण प्रत्येक आकडा आठ बिटांचा, आणि २ चा आठवा घात २५६. शून्यापासून मोजलं की शेवटचा आकडा २५५ येतो.

घरच्या नेटवर्कचा मास्क साधारण २५५.२५५.२५५.० असा असतो. म्हणजे पहिले तीन आकडे गावाचं नाव आणि शेवटचा आकडा घर क्रमांक. एकूण २५६ पत्ते. पण पहिला पत्ता नेटवर्कच्या नावासाठी आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव. उरले २५४. मास्कचा शेवटचा आकडा १९२ केला तर एका गावाच्या चार वाड्या होतात. प्रत्येक वाडीत ६४ पत्ते, वापरायला ६२. वजाबाकी-भागाकार येणाऱ्या कोणालाही हे जमतं. उगाच घाबरू नका.

३. बिघाड शोधायचा कसा?

येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झालं. इथलं पाणी पूर्णेतून खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी शेतांकडे. आता कालव्यावरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या शेतात पाणी आलं नाही, तर तो लगेच येलदरीचं गेट उघडा म्हणतो का? नाही. आधी स्वतःच्या शेताचा दांड बघतो, मग चारी बघतो, मग वितरिका, मग कालवा. जवळून लांब. जिथवर पाणी आहे आणि जिथून पुढे नाही, त्याच्या मध्येच अडथळा!

राउटरचंही तसंच. या पायऱ्या क्रमाने करा:

पायरी १ – दिवे. फायबरच्या डबीवर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही. फायबर तुटली किंवा जास्त वाकली असेल. इथे थांबा, कंपनीला फोन करा. फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

पायरी २ – वायर. डबीतून येणारी वायर राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या खाचेतच हवी. बऱ्याच राउटरवर ती खाच वेगळ्या रंगाची असते. (माझी चूक इथेच झाली होती!)

पायरी ३ – स्वतःचा पत्ता. विंडोजच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजीत, सलग टाइप करा. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर सहसा ठीक. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच तात्पुरता घेतला.

पायरी ४ – राउटरला हाक. 'पिंग' लिहून जागा सोडा आणि राउटरचा पत्ता द्या. तोच पत्ता मागच्या पायरीत 'डिफॉल्ट गेटवे' समोर दिसतो. उत्तर आलं तर आपल्यापासून राउटरपर्यंत रस्ता चांगला.

पायरी ५ – गावाबाहेर हाक. आता 'पिंग ८.८.८.८' करा (आकडे इंग्रजीच टाका). राउटर उत्तर देतो पण इथून उत्तर नाही, तर अडचण राउटरच्या पुढे, म्हणजे वॅनची वायर, युजरनेम-पासवर्ड किंवा कंपनीची लाईन.

पायरी ६ – नावाने हाक. ८.८.८.८ उत्तर देतो पण ब्राउझरमध्ये एकही वेबसाइट उघडत नाही? मग बहुतेक डीएनएस बिघडलंय. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी डिरेक्टरी. रस्ता चांगला आहे, पत्ता सांगणारा नाही.

दोन नियम पाठ करा. एका वेळी एकच बदल करा. आणि केलेला बदल वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट आलं, तर कशाने आलं हे कधीच कळत नाही.

४. वर्गात घेतलेली कृती

अभ्यासासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात खरे राउटर न घेता पडद्यावर जोडणी करता येते. मी दोन राउटर घेतले, नावं दिली येलदरी आणि जिंतूर. पहिल्या दिवशी जोडणी लालच राहिली, कारण सिस्कोच्या राउटरची दारं मुळात बंद असतात. 'नो शटडाऊन' ही आज्ञा देऊन ती उघडावी लागतात. दारं उघडली, येलदरीवर मार्ग लिहिला, तरी पिंगला उत्तर नाही. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

मग चौथीच्या वर्गात हीच कृती चिठ्ठ्यांवर घेतली. तुम्हीही घेऊन बघा:

- चार मुलं 'राउटर' होतात. प्रत्येकाच्या हातात तीन ओळींचा कागद: कोणत्या गावाची चिठ्ठी कोणाकडे द्यायची.
- बाकीची मुलं चिठ्ठीवर 'कोणाकडून' आणि 'कोणाला' लिहून पाठवतात.
- राउटरने फक्त कागद बघायचा, वर्गभर बघायचं नाही.
- एका राउटरच्या कागदावरची एक ओळ गुपचूप खोडा. चिठ्ठी कुठे अडली ते वर्गाने शोधायचं.

खेळ रंगला असताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझी चिठ्ठी तिकडं गेली. पण त्यानं उत्तर माझ्याकडं कसं पाठवायचं? त्याच्या कागदावर आपलं गावच नाही!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या पॅकेट ट्रेसरमध्येही हेच राहिलं होतं. जाण्याचा मार्ग मी येलदरीवर लिहिला, पण परत येण्याचा मार्ग जिंतूरवर लिहिलाच नव्हता. घरी जाऊन एक ओळ टाकली आणि पिंग लागलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचं नाव घेऊन हे सांगितलं. इतकी खूश झाली पोरगी!

५. आजच करून ठेवायच्या गोष्टी

- कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा.
- सगळं चालू असताना वायरींचा मोबाईलवर फोटो काढा.
- राउटरच्या पानावर 'बॅकअप' असेल तर सेटिंगची फाईल जतन करा.
- राउटरच्या पानाचा मूळ पासवर्ड बदला. वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा.
- पाहुण्यांसाठी व पालकांसाठी वेगळं 'गेस्ट' नेटवर्क ठेवा.
- रिसेटचं बटण सगळ्यात शेवटी, तेही वरची माहिती हाताशी असेल तरच.

शेवटी थोडंसं

या अभ्यासाने माझी वही तपासायची पद्धतही बदलली. आधी भागाकार चुकला की मी पूर्ण गणितावर काट मारायचे आणि "परत कर" म्हणायचे. म्हणजे रिसेटच की! आता पहिल्या पायरीपासून बोट ठेवून मुलासोबत खाली येते. भाग बरोबर लागला? गुणाकार बरोबर? वजाबाकीत हातचा राहिला? जिथवर बरोबर तिथवर बरोबरची खूण. बरेचदा चूक एकाच ठिकाणी असते आणि बाकी सगळं त्या लेकराला येत असतं.

पालकांनाही हेच सांगेन. "तुला काहीच येत नाही" असं म्हणण्याआधी वायर कुठे निघाली आहे ते बघा.

तुमच्या शाळेत ही कृती घेतली तर अनुभव जरूर कळवा.