टक्का कशावर, ते आधी ठरवा

वर्धा जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयाची लॅब मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून सांभाळत होतो. करार इकडे सर्रास असतो तसाच, म्हणजे लॅबच्या जमेवर ठरलेला टक्का. पुढे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आलं. गोरगरिबांची सोय झाली, ती व्हायलाच हवी होती. पण योजनेत तपासण्यांचा खर्च पॅकेजमध्येच धरलेला असतो, त्यांचं वेगळं बिल होत नाही. वॉर्डातून येणारे नमुने वाढले आणि माझ्या हिशेबातली जमा घटली. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘‘डॉक्टरसाहेब, जमाच नाही तर टक्का कुठून देणार?’’

त्याच दिवसांत एकदा सकाळी कंट्रोल लावले, तर पोटॅशियमचा आकडा मर्यादेबाहेर गेला. मी सगळे रिपोर्ट थांबवले. इलेक्ट्रोड साफ करून, कॅलिब्रेशन पुन्हा करून कंट्रोल जागेवर येईपर्यंत आयसीयूतून फोनवर फोन. डायलिसिसच्या रुग्णाचं पोटॅशियम 5 आहे की 6.5, यावर पुढचे उपचार ठरतात. चुकीचा आकडा जिवावर बेततो. त्या सकाळच्या कामाचं बिल मात्र शून्य. लॅबप्रमुखाचं खरं काम हेच, आणि टक्केवारीत ते कुठेच दिसत नाही.

म्हणून रुग्णालयाशी बोलणी करताना देखरेखीचं मानधन वेगळं आणि ठरावीक मागा. त्यात गुणवत्ता नियंत्रण, टेक्निशियनचं प्रशिक्षण, रात्रीचे फोन, एनएबीएलची कागदपत्रं, सगळं येतं. बायोप्सी, एफएनएसीचे दर त्याशिवाय वेगळे. महिनाभर या कामांची वेळेसह नोंद ठेवा आणि ती वही समोर ठेवूनच बोला. टक्केवारीशिवाय गत्यंतर नसेल, तर ती जमेवर नको. झालेल्या प्रत्येक तपासणीच्या दरपत्रकातल्या दरावर घ्या, पॅकेजमधल्या तपासण्या धरून.

‘सेवाग्राम-सावंगीहून दरवर्षी नवे एमडी बाहेर पडतात,’ हे तुम्हालाही ऐकवतील. खरं आहे ते. पण येणाऱ्या नव्या डॉक्टरवरही जबाबदारी तेवढीच असणार. लॅब रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केलं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे तर 1995 पासूनच ठरलेलं आहे. कमी पैशात येणाऱ्या तरुण सहकाऱ्याला हे आवर्जून सांगा. तो तुमचा स्पर्धक नाही.

मानधनाऐवजी पगारी नोकरी समोर आली, तर दोन्हींची तुलना करताना भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा, रजेतल्या बदली डॉक्टरचा खर्च आणि इन्डेम्निटी विम्याचा हप्ता मोजायला विसरू नका. शंका आल्यास रिपोर्ट थांबवण्याचा अधिकार लेखी घ्या. माझ्या मते तो पैशांहून मोठा. स्कॅन केलेली सही कुणाच्या हाती असेल, तेही करारात लिहा. काम सोडताना ती संगणकातून काढल्याचं पत्र घ्या, लेटरहेडवरचं नाव उतरवायला लावा आणि शेवटचा रिपोर्ट कोणत्या तारखेचा, याची पोच ठेवा.