निवृत्ती आणि शरीरधर्म

नोकरी वा व्यवसाय यांतून निवृत्त झालेल्या पुरुषाचा दिवस पुष्कळदा आरामखुर्चीत सरतो. पाण्याचा तांब्याही दुसऱ्याने हाती द्यावा, बाजारहाट मुलाने करावी आणि आपण वर्तमानपत्र वाचीत अथवा जप करीत बसावे, अशी त्याची वृत्ती होते. या बसून राहण्यालाच तो त्याग समजतो. त्याच घरातील, त्याच वयाची गृहिणी मात्र पहाटेपासून कामात असते. मग पुरुषाने जे सोडले, तो त्याग म्हणावा काय?

गीतेच्या अठराव्या अध्यायात याचे उत्तर आहे. नियत कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग होय. कर्म दुःखरूप मानून शरीरक्लेशाच्या भयाने ते टाकणे हा राजस त्याग होय. त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. कर्म कर्तव्यबुद्धीने करून आसक्ती व फल सोडणे हाच सात्त्विक त्याग. गुडघे दुखतील म्हणून चालणेच सोडणारा कोणत्या कोटीत बसतो, हे वेगळे सांगावयास नको. कर्मावाचून शरीरयात्राही चालणार नाही, असे तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास बजाविलेच आहे.

शरीरशास्त्राचा अनुभवही हाच आहे. उतारवयात स्नायू क्रमाक्रमाने क्षीण होतात. ते वापरले नाहीत तर अधिक लवकर. पायांतील बळ ओसरले की तोल सुटतो, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि परावलंबन सुरू होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींसाठी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे भरभर चालण्यासारखे मध्यम श्रम, किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व बळ या दोहोंचा अभ्यास सांगितला आहे.

याउलट, तारुण्यातील जोर-बैठकांचे आकडे आठवून एकदम श्रमास लागणे हाही प्रमादच. देहाला व्यर्थ पीडा देणारे तप सतराव्या अध्यायात निंद्य ठरविले आहे, तर सहाव्यात आहार, विहार, निद्रा व जागरण यांतील प्रमाणबद्धता हाच दुःखनाशक योग म्हटला आहे. सुश्रुताचार्यांनीही वय, बळ, देश, काळ व आहार पाहून अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्यास सांगितले आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती खर्ची पडली असे समजावे. छातीत दुखणे, दम लागणे वा भोवळ येणे असा त्रास असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

गीतेवर ‘पुरुषार्थबोधिनी’ टीका लिहिणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) यांनी आसने व सूर्यनमस्कार यांवरही ग्रंथ लिहिले. वयाच्या ऐंशीच्या सुमारास, १९४८ साली, औंध सोडून त्यांनी आजच्या गुजरातेतील पारडी येथे स्वाध्याय मंडळाचे कार्य नव्याने उभे केले आणि पुढे वयाची शंभरी ओलांडली.

अर्थात व्यायाम करणारा प्रत्येक जण शंभर वर्षे जगेल असे नाही. नियमाने वागणाऱ्यासही व्याधी गाठते. म्हणून आरोग्याच्या फळावरही आसक्ती नसावी. तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे. क्षेत्राची मशागत करावी. पीक किती येईल याची चिंता ईश्वरावर सोपवावी. निवृत्त साधकाने उद्यापासून आपला पाण्याचा तांब्या स्वतः उठून भरून घ्यावा. सात्त्विक कर्माचा आरंभ एवढ्यानेही होतो.