चष्मा काढू नका, दुर्बीण जुळवा

आलापल्लीच्या जंगलात गस्त घालणारे वनरक्षक चाळिशीला टेकले, की हमखास विचारतात, "डॉक्टर, दुर्बिणीतून बघताना चष्मा ठेवायचा की काढायचा?" शेकरू आणि पक्षी पाहायला येणाऱ्या हौशी मंडळींचाही हाच प्रश्न असतो. वाघाला भुलीचे इंजेक्शन मारणाऱ्या पथकातल्या नेमबाजाला तर त्याचे उत्तर माहीत असायलाच हवे. बहुतेकांनी चष्मा ठेवावा आणि दुर्बीण चष्म्याला जुळवून घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आपल्या भागात ही बाब हौसेपुरती नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनविभागात 'सीटी-१' हा वाघ डार्ट मारून जेरबंद केला गेला. त्याच्या हल्ल्यांत गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांतल्या १३ जणांचे प्राण गेले होते. डार्ट मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत लागावा लागतो. छातीत किंवा पोटात घुसला तर जनावर दगावू शकते. तिथे धूसर नजर चालत नाही.

आधी नंबर कोणता ते पाहा

चष्म्याच्या कागदावर दोन आकडे असतात. पहिला साधा नंबर, उणे किंवा अधिक. दुसरा सिलिंडरचा, म्हणजे तिरपा नंबर. दुर्बिणीचे फोकसचे चाक साधा नंबर भरून काढते. त्यामुळे फक्त साधा नंबर असलेल्याला चष्म्याविनाही दुर्बिणीतून स्वच्छ दिसू शकते. सिलिंडर मात्र कोणत्याही चाकाने भरून निघत नाही. तो एक किंवा त्याहून जास्त असेल, तर चष्मा ठेवलाच पाहिजे.

नेम धरण्यासाठी लाल ठिपका दाखवणारी साधने असतात. तो ठिपका गोल न दिसता चांदणीसारखा किंवा फराटा ओढल्यासारखा दिसतो का? बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मोबाइलने त्या ठिपक्याचा फोटो काढा. फोटोत तो गोल आला, तर साधन ठीक आहे आणि दोष बहुधा डोळ्यातल्या सिलिंडरचा आहे; डोळे तपासून घ्या.

डोळा आणि काच यांतले अंतर

चष्मा लावला की डोळा दुर्बिणीपासून थोडा लांब जातो. मग कडा काळ्या दिसतात आणि चित्र लहान होते. म्हणून नवी दुर्बीण घेताना डोळ्याचे अंतर, म्हणजे 'आय रिलीफ', किती ते दुकानदाराला विचारा. चष्मेवाल्याला ते साधारण १५ मिलिमीटर किंवा अधिक हवे. डोळ्याकडची रबरी कडी चष्मा असेल तर खाली दुमडा किंवा फिरवून आत घ्या; नसेल तर वर काढा.

बंदुकीवरच्या कमी ताकदीच्या दुर्बिणीत, म्हणजे एक ते चार किंवा सहा पट मोठे दाखवणाऱ्या, हे अंतर बरेच जास्त, सुमारे ९ ते १० सेंटिमीटर असते. तिथे चष्म्याची अडचण होत नाही. पण नीट दिसावे म्हणून डोळा पुढे नेऊ नका. धक्का देणाऱ्या बंदुकीची दुर्बीण मागे येऊन भुवई फाडते, चष्म्यावर आदळते.

जुळवणी अशी करा

हातातल्या दुर्बिणीसाठी:

१. चष्मा लावा. उजवा डोळा झाका. दूरच्या झाडाच्या फांदीवर मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करा.
२. आता डावा डोळा झाका. मधले चाक न हलवता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच फांदी स्पष्ट करा.
३. कडीची खूण लक्षात ठेवा. दुर्बीण दुसऱ्याने वापरली, की ती बदललेली असते.

बंदुकीवरच्या दुर्बिणीसाठी: रिकामी बंदूक कोऱ्या भिंतीकडे किंवा सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या मोकळ्या आकाशाकडे रोखा. क्षणभर बघा, नजर हटवा, डोळ्याकडची कडी थोडी फिरवा, पुन्हा क्षणभर बघा. पहिल्याच नजरेत आतली नेमाची फुली काळीभोर दिसली, की थांबा. टक लावून बघितले तर डोळाच जुळवून घेतो आणि चुकीची जुळवणी बरोबर वाटते. एक पटीवर दोन्ही डोळे उघडे ठेवण्याची सवय करा. आजूबाजूची हालचाल दिसत राहते.

दुहेरी काच आणि पहाटेचा उजेड

जवळ-लांब एकत्र असलेला चष्मा इथे त्रास देतो. गाल बंदुकीच्या दस्त्यावर टेकला, की नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते आणि प्रोग्रेसिव्ह काचेत तिथे स्पष्ट दिसेलच असे नाही. गस्तीसाठी फक्त लांबच्या नंबरचा, उंच काचेचा, नाकावर नीट बसणारा वेगळा चष्मा करून घ्या.

पाणवठ्यावर पहाटे किंवा सांजेला बघायचे असेल तर ८×४२ ची दुर्बीण घ्यावी. ४२ ला ८ ने भागले की ५.२५ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. १०×२५ च्या छोट्या दुर्बिणीतून तो अवघा अडीच मिलिमीटर येतो. वयानुसार डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, म्हणून ८×४२ चा झोत चाळिशीनंतर पुरेसा ठरतो.

चष्मा डोळाही राखतो

बांबूचे टोक, काटा किंवा पाते बुबुळाला लागले तर बुरशीची जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. चष्मा हा धोका बराच कमी करतो. तरीही डोळ्याला लागलेच, तर चोळू नका, झाडपाला घालू नका, आणि दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. बुरशी त्याने भडकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हे दिसले तर थांबू नका

एका डोळ्याची नजर अचानक जाणे, विजेसारखे चमकणे, काळे ठिपके एकदम वाढणे, एकाचे दोन दिसणे, डोळा लाल होऊन ठणकणे. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका. दृष्टिपटल भाजले तर ते पूर्ण बरे होईलच असे नाही.

चाळिशीनंतर दरवर्षी डोळे तपासा. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणीही सांगून करून घ्या. साखर वरखाली झाली तरी नंबर बदलतो. अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे जाताना दोन्ही चष्मे आणि हातातली दुर्बीण सोबत न्या. प्रत्येक डोळ्याचा लांबचा नंबर सिलिंडरसह लिहून मागा. वनखात्यातल्या वरिष्ठांनाही माझी विनंती आहे: गस्तीला माणूस पाठवताना त्याच्या हातात दुर्बीण द्या, पण त्याआधी त्याच्या डोळ्यांवर योग्य नंबरचा चष्मा आहे याची खात्री करा.